सीएमटी किट: दहा गाईंच्या गोठ्याला परवडते का?

परवडते, पण चारही सड वेगवेगळे तपासणार असाल तरच.

सीएमटी (कॅलिफोर्निया मस्टायटिस टेस्ट) म्हणजे दगडी, म्हणजेच कासेचा दाह, दुधावरून ओळखायची चाचणी. किटमध्ये चार वाट्यांचं प्लॅस्टिकचं पॅडल आणि जांभळ्या द्रावणाची बाटली, एवढंच असतं. पहिल्या दोन-तीन धारा टाकून द्या. मग प्रत्येक सडाचं साधारण ३ मिली दूध आपापल्या वाटीत घेऊन तेवढंच द्रावण घाला. जोरात ओतलं की फेस येतो आणि त्याखाली काय झालंय ते कळत नाही. पॅडल १० सेकंद गोल फिरवून २० सेकंदांच्या आत निकाल बघा, कारण हलका चिकटपणा नंतर विरून जातो. मिश्रण पाण्यासारखं वाहिलं तर सड ठीक. घट्ट होऊन वाटीच्या मध्ये उंचवटा आला आणि तिरपं केलं तरी तळ सोडेना, तर ३ नंबर, म्हणजे सगळ्यात जास्त बिघाड. घट्टपणा कमी तसा नंबर २ किंवा १.

आता हिशोब. एका गाईला १२ मिली, म्हणजे अर्ध्या लिटरच्या बाटलीत चाळीसेक गाई होतात. महिन्यातून एकदा तपासलं तर दहा गाईंना ती चार महिने पुरते. सुप्त दगडीत दूध दिसायला चांगलंच असतं, फक्त कमी होतं. समजा एक गाय रोज अर्धा लिटर कमी देतेय, तर महिन्याला १५ लिटर गेले. तुमच्या संकलन केंद्राच्या दराने गुणा आणि बाटलीची किंमत शेजारी लिहा. द्रावण वाचवायला बादलीतलं एकत्र दूध तपासू नका. एका सडाचा बिघाड बाकी तिघांच्या दुधात पातळ होतो आणि गोठा निर्धास्त राहतो.

व्यायल्यावर पहिले चार-पाच दिवस आणि आटायच्या सुमारास निकाल फसवा येतो. जंतू कोणता, हे किट सांगत नाही. २ किंवा ३ नंबर आला तर निर्जंतुक बाटलीत नमुना घेऊन बर्फात ठेवा आणि प्रयोगशाळेत न्या. नागपुरात असाल तर सेमिनरी हिल्सच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात आधी चौकशी करा. अंदाजाने दिलेलं प्रतिजैविक सगळ्यात महाग पडतं. औषध वाया जातं, शिवाय औषध दिल्यानंतर दूध न विकण्याची जी मुदत लेबलवर असते, ती संपेपर्यंत दूध विकता येत नाही. औषधाची अशी मुदत ठरलेली नसेल तर नियमाने दुधासाठी किमान ७ दिवस. बहुतेक प्रतिजैविकांचा अंश उकळूनही जात नाही, विरजणही नीट लागत नाही. हा अंश सीएमटीत दिसत नाही, त्याची पट्टी वेगळी मिळते.

घेताना मुदत संपायची तारीख बघा. मे महिन्यात बाटली पत्र्याच्या गोठ्यात ठेवू नका, घरात सावलीला ठेवा.