सेंगकांगमधलं आमचं एचडीबी घर आणि तिथलं पार्किंग

सिंगापूरला स्थायिक होऊ पाहणारी मराठी कुटुंबं मला हमखास विचारतात, एचडीबीत घर घ्यावं की काँडोत, म्हणजे खासगी संकुलात? आम्ही एचडीबीत घेतलं, सेंगकांग या उपनगरात, रीसेलचं. मुलं लहान असतील तर बिनधास्त एचडीबी घ्या असं मी सांगते, फक्त नियम आधी नीट वाचा.

एचडीबी म्हणजे इथलं सरकारी गृहनिर्माण मंडळ, 1960 साली सुरू झालेलं. आपल्याकडे म्हाडा म्हटलं की लॉटरी आणि नशीब डोळ्यांसमोर येतं. इथे दहातले जवळजवळ आठ रहिवासी याच मंडळाच्या इमारतींत राहतात, त्यामुळे बँकेतला अधिकारी आणि टॅक्सीवाला एकाच लिफ्टने वर जातात. जमीन सरकारची, घर 99 वर्षांच्या लीजवर, आणि हप्ते सीपीएफमधून, म्हणजे आपल्या पीएफसारख्या खात्यातून, फेडता येतात.

सवलतीतली नवी घरं मात्र नागरिकांसाठी. नवरा-बायको दोघंही पीआर, म्हणजे नागरिक नसलेले पण कायम राहण्याचा परवाना असलेले, असाल तर पीआर मिळून तीन वर्षं झाल्यावर रीसेलचंच घर घेता येतं, तेही अनुदानाशिवाय. त्यातही कोटा असतो. मलेशियन नसलेल्या पीआर कुटुंबांचं प्रमाण एका ब्लॉकमध्ये 8 टक्क्यांवर जाऊ देत नाहीत, आणि चिनी, मलय, भारतीय अशी वंशवार मर्यादा 1989 पासून आहेच. घर मनात भरण्याआधी त्या ब्लॉकचा कोटा एचडीबीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. एकेका समाजाच्या वेगळ्या वस्त्या होऊ नयेत म्हणून हे केलंय आणि मला ते पटतं. आमच्या मजल्यावर चिनी, मलय, तमिळ आणि आम्ही असे सगळे आहोत.

‘फोर-रूम’ ऐकून चार बेडरूम समजू नका, हॉलही मोजलेला असतो. आपल्या भाषेत थ्री बीएचके, साधारण 90 चौरस मीटर. स्वयंपाकघराला लागून एक बॉम्ब शेल्टर आहे. जाड काँक्रीटच्या भिंती, पोलादी दार, आणि तोडफोड करायला सक्त मनाई. एरवी ती आमची कोठीची खोली. कुरडयांचे डबे, प्रवासाच्या बॅगा आणि गणपतीची आरास, सगळं तिथेच.

पण मला खरं सांगायचंय ते इमारतीच्या खालच्या जागेबद्दल. आपल्याकडे स्टिल्ट म्हटलं की गाड्या. डोंबिवलीत माझ्या माहेरच्या सोसायटीची प्रत्येक वार्षिक सभा पार्किंगवरून पेटायची. स्टिल्टखालचं पार्किंग बिल्डरने वेगळं विकू नये असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये सांगितलं, तरी भांडणं मिटली नाहीत. मुलं खेळायची ती गेटबाहेर, रस्त्यावर. इथे त्याच जागेला व्हॉइड डेक म्हणतात आणि तिथे एकही गाडी नसते. दगडी टेबलांवर म्हातारे पट मांडून बसलेले, खांबांमधून मुलांच्या सायकली. मलय लग्नाचा मांडव तिथेच पडतो, डफांसारखी कोम्पांग वाजतात. चिनी कुटुंबात कुणी गेलं तर प्रार्थनाही तिथेच. पहिल्या लग्नाला शेजारच्या मकचिकने, म्हणजे मलय मावशींनी, माझ्या सासूबाईंना हाताला धरून खाली नेलं. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, पण तेव्हापासून संध्याकाळी त्या खाली बाकावर शेजारी बसतात.

गाड्या बाजूच्या बहुमजली कारपार्कमध्ये. तिथली जागा विकत मिळत नाही, महिन्याचा पास काढायचा. रहिवाशाच्या पहिल्या गाडीला छताखाली 110 सिंगापूर डॉलर, उघड्यावर 80, मोटरसायकलला 17 आणि 15. ठरावीक खण कुणाचाच नाही. लाल पट्ट्यांचे खण पासवाल्यांचे, पांढऱ्या पट्ट्यांचे कुणालाही. पाहुण्यांना शहराच्या मध्यभागाबाहेर अर्ध्या तासाला 60 सेंट पडतात आणि बऱ्याच कारपार्कमध्ये रविवारी दिवसभर फुकट. त्यामुळे हळदीकुंकू रविवारीच ठेवते. वॉचमनला फोन करून ‘आमच्या पाहुण्यांची गाडी आत सोडा’ म्हणायची पाळी येत नाही.

हे जमतं कारण मुळात गाड्याच कमी आहेत. 1990 पासून गाडी घ्यायला दहा वर्षांचा परवाना लिलावात मिळवावा लागतो. 2023 च्या ऑक्टोबरात मोठ्या गाडीच्या परवान्याचा भाव 1,50,000 डॉलरवर गेला होता, आणि त्यात गाडीची किंमत धरलेली नाही. फार कडक धोरण आहे हे. व्हीलचेअरवरचे आईवडील किंवा तान्ही जुळी असलेल्या घराला याचा चटका बसतो, आणि अशा कुटुंबांसाठी वेगळा विचार व्हायला हवा असं माझं ठाम मत आहे. आमचं एलआरटी, एमआरटी या शहरी रेल्वे आणि बसवर निभतं.

आणखी एक गोष्ट आपल्याकडे यावी असं फार वाटतं. आईवडिलांसोबत राहण्यासाठी रीसेल घर घेणाऱ्या नागरिक कुटुंबाला 30,000 डॉलरचं अनुदान मिळतं, चार किलोमीटरच्या आत घेतलं तर 20,000. म्हातारपणी मुलं जवळ असावीत म्हणून सरकारने पैसे मोजायचे, हे मला मोलाचं वाटतं.

आता किमती. रीसेल घरं महाग होत चालली आहेत. एचडीबीचं घर दहा लाख डॉलरला विकलं गेल्याची बातमी 2012 मध्ये पहिल्यांदा आली, आणि 2024 या एका वर्षात असे हजारावर सौदे झाले. सेंगकांग त्या मानाने आवाक्यात आहे. इथली बरीच घरं 2000 च्या आसपासची, म्हणजे लीजची सत्तरेक वर्षं शिल्लक. चाळिशीतल्या जोडप्याला तेवढी पुरतात. नातवंडांसाठी ठेव म्हणून घ्यायचं असेल तर नका घेऊ, लीज संपली की घर सरकारकडे परत जातं. गाडी घेणारच असाल तर सौदा करण्याआधी एकदा रात्री दहानंतर तिथल्या कारपार्कमध्ये चक्कर मारा आणि कितव्या मजल्यावर खण रिकामे मिळतात ते बघा.