सीलबंद पेटीतलं गायब इंजिन: 1/12 लोटस 49 चं किट घेताना झालेली फसवणूक

व्यवहार असा झाला. 1/12 मापातलं, लोटस 49 या फॉर्म्युला वन रेसगाडीचं जुनं प्लॅस्टिक किट, "कारखान्यातून आलं तसं सीलबंद", किंमत 24 हजार रुपये. विकणारा स्वतःला संग्राहक म्हणवणारा, जागा कमी पडते म्हणून संग्रह काढायला बसलेला. निम्मे पैसे आगाऊ, उरलेले पार्सल कुरियरकडे देण्याआधी, दोन्ही वेळा यूपीआयने. पेटी आली, वरचं प्लॅस्टिक आवरण चकचकीत. आत पुढचा सांगाडा होता, चाकं होती, सस्पेन्शनचे दांडे होते. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या भागांचं स्प्रू, म्हणजे सुटे भाग जोडलेली प्लॅस्टिकची चौकट, नव्हतं. स्क्रूंची पिशवी नव्हती. डिकॅलचा, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायच्या चित्रांचा, कागद होता, पण घरच्या प्रिंटरवर छापलेला. विकणाऱ्याला विचारलं तर उत्तर तयारच होतं: "सीलबंद होतं हो, आत काय आहे ते मला कसं कळणार?"

सगळी चलाखी या एका वाक्यात आहे. सील हा खरेदीदाराला दिलासा वाटतो, पण प्रत्यक्षात ती विकणाऱ्याची पळवाट असते. म्हणून जुन्या किटच्या बाबतीत आमचा सल्ला रूढ समजुतीच्या उलट आहे: उघडलेलं, भाग मोजलेलं, प्रत्येक स्प्रूचा फोटो असलेलं किट सीलबंद किटपेक्षा जास्त पैसे देऊन घ्यावं.

या गाडीत नेमकं इंजिनच का गेलं, हेही समजून घ्यायला हवं. लोटस 49 ही लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमन आणि मॉरिस फिलिप यांची 1967 ची रचना. 4 जून 1967 रोजी नेदरलँड्समधल्या झँडवूर्टच्या शर्यतीत ती पहिल्यांदा धावली आणि 5 क्रमांकाच्या गाडीत चालक जिम क्लार्क जिंकला. तिचं वैशिष्ट्य म्हणजे फोर्ड कॉसवर्थ डीएफव्ही हे 2993 सीसीचं व्ही-8 इंजिन हाच गाडीचा मागचा सांगाडा. चालकाच्या पाठीमागे मोनोकॉक (पत्र्याच्या पेटीसारखा पुढचा सांगाडा) संपतो, त्याला इंजिन चार ठिकाणी बोल्टने जोडलेलं, आणि मागचं सस्पेन्शन इंजिन-गिअरबॉक्सवर लटकलेलं. चांगल्या किटमध्ये हीच रचना जशीच्या तशी उतरवलेली असते. त्यामुळे इंजिनाचं स्प्रू नसेल तर एखादा दिखाऊ भाग कमी पडला असं होत नाही, मागची दोन चाकं जोडायला जागाच उरत नाही. बाजारात मात्र सुट्या डीएफव्हीला वेगळं गिऱ्हाईक आहे. हे इंजिन पुढे कित्येक संघांनी वापरलं आणि 1967 ते 1983 या काळात त्याच्या घराण्याच्या नावावर 155 ग्रांप्री विजय लागले, म्हणून निव्वळ इंजिनाचं दालन मांडणारेही बरेच. एका किटमधून इंजिन काढून विकायचं आणि उरलेली पेटी "सीलबंद" म्हणून पूर्ण किमतीला खपवायची, असा हा दुहेरी धंदा.

आवरण पुन्हा घालणं फार सोपं आहे. मिठाईच्या आणि भेटवस्तूंच्या पेट्यांना लावतात ती श्रिंक फिल्म आणि एक हॉट एअर गन पुरते. पण घरी घातलेलं आवरण ओळखता येतं. पेटीचे कोपरे झिजलेले, कड चुरगळलेली, आणि त्यावरची फिल्म मात्र गुळगुळीत असेल, तर फिल्म पेटीपेक्षा तरुण आहे. जुन्या आवरणाखाली कोपरा घासला तर आवरणही फाटतं. कोपऱ्यांवर वितळून गोळा झालेलं प्लॅस्टिक, वाकडीतिकडी जाड शिवण, दुकानाच्या फाटक्या किमतीच्या चिठ्ठीवरून गेलेली फिल्म, हीही लक्षणं. शिवाय जपानी किटच्या पेटीला बाहेरून आवरण नसणं हेच पुष्कळदा नेहमीचं असतं. तिथे खरं सील म्हणजे आतल्या पिशव्या. त्या कारखान्यात उष्णतेने चिकटवलेल्या असतात. कात्रीने कापलेली कड, सेलोटेप किंवा स्टेपलची पिन दिसली की पिशवी उघडलेली आहे.

वर सांगितलेल्या पेटीत आणखी एक पुरावा होता, आणि तो नाकारणं कठीण होतं. चाकांच्या दोन रिमांवर टायरच्या आकाराचा खड्डा पडलेला होता, प्लॅस्टिक मेणासारखं विरघळलेलं. जुने टायर मऊ व्हिनाइलचे असतात. त्यातलं मऊपणा देणारं रसायन हळूहळू बाहेर झिरपतं आणि पॉलिस्टायरिनला लागलं की ते खातं. म्हणूनच टायर वेगळ्या पिशवीत असतात. रिम खाल्लेली असेल तर ती पिशवी पूर्वीच कधीतरी उघडली होती आणि टायर भागांवर मोकळे पडून होते. "सीलबंद" हा दावा तिथेच निकालात निघतो. असा रिम भरून काढता येतो, पुट्टी लावून लेथवर किंवा ड्रिलमध्ये धरून गोल करता येतो, पण चमकदार मुलामा असेल तर तो गेला.

पैसे देण्याआधी कोणते फोटो मागायचे? पेटीच्या झाकणाचा फोटो निरुपयोगी. सूचनापत्रकाचं पहिलं आणि शेवटचं पान मागा. कोपऱ्यात छापलेलं वर्ष आणि सुट्या भागांची यादी तिथे असते. तामियासारख्या जपानी किट कंपनीच्या स्प्रूंवर ए, बी, सी अशी अक्षरं असतात, ती यादीशी ताडून बघा. प्रत्येक स्प्रू एकेकटं, सपाट पांढऱ्या कागदावर, वरून काढलेलं हवं. ढिगाच्या फोटोत चार भाग तुटून गेलेले कळत नाहीत. स्क्रू, स्प्रिंगा आणि व्हिनाइलच्या नळ्या यांचा फोटो वेगळा हवा. या बारीक वस्तू कुणी मागत नाही आणि नेमक्या त्याच नसतात. प्रत्येक फोटोत त्या दिवशीची तारीख आणि तुम्ही सुचवलेला एखादा शब्द लिहिलेली हाताची चिठ्ठी ठेवायला सांगा. "हा फोटो माझ्याकडच्या दुसऱ्या तशाच किटचा आहे" असं उत्तर आलं की तिथेच थांबा. या प्रकरणात अगदी हेच उत्तर आलं होतं.

डिकॅलची परीक्षा सोपी आहे, पण ती हातात आल्यावरच करता येते. खरं डिकॅल स्क्रीन-प्रिंटिंगने छापलेलं असतं: प्रत्येक रंग सलग, कड स्वच्छ. 10 पट भिंगाखाली ठिपक्यांची जाळी दिसली तर छपाई प्रिंटरची. साधा प्रिंटर पांढरा रंग छापतच नाही, त्यामुळे रंगाखाली आधार नसतो. 1967 च्या लोटसवर हिरव्या अंगावर मधोमध पिवळा पट्टा आहे. आधाराशिवाय छापलेला पिवळा गडद हिरव्यावर ठेवला की शेवाळी होतो. 1968 च्या गोल्ड लीफ सिगारेटच्या लाल-पांढऱ्या-सोनेरी रंगसंगतीत सोनेरी रंग मोहरीसारखा दिसतो, धातूची झाक नसते. कागदाच्या कडेचा कंपनीचं नाव असलेला तुकडा कापून पाण्यात टाका. शाई पसरली तर इंकजेट. एक मात्र लक्षात असू द्या: मूळ कागद पिवळा पडलेला असणं ही फसवणूक नव्हे. तो पारदर्शक पिशवीत घालून खिडकीच्या काचेला चिकटवून उन्हात ठेवला तर पिवळेपणा बराच उतरतो, आणि भेगा पडायची भीती असेल तर वर क्लिअर लॅकरचा पातळ हात दिला की पाण्यात तुकडे होत नाहीत. सिगारेटची नावं नसणं हीही आपोआप लबाडी ठरत नाही. पुन्हा बाजारात आणलेल्या अनेक किटमधून ती गाळलेली असतात. लबाडी तेव्हा, जेव्हा नव्या आवृत्तीचा माल जुन्या पेटीत भरून पहिल्या आवृत्तीची किंमत मागितली जाते. तामियाने 1967 मध्ये 1/12 मापात होंडा आरए273 ही रेसगाडी आणली, पाठोपाठ लोटस 49; पुढे अशा किटच्या आवृत्त्या फोटो-एच पत्र्यासह (रसायनाने कोरलेल्या बारीक धातूच्या भागांसह) परत आल्या. "साठच्या दशकातलं मूळ" म्हणून विकलेल्या पेटीत पितळी किंवा स्टीलचा फोटो-एच पत्रा निघाला, तर माल कुठला हे वेगळं सांगायला नको.

49 आणि तिची पुढची सुधारित आवृत्ती 49बी यांतही घोळ घालतात. 1967 च्या गाडीला झेडएफचा गिअरबॉक्स होता, 49बीला ह्यूलँडचा. 49बीला पुढे पंख, पाठीवर वर वळलेलं आच्छादन. झँडवूर्टची क्लार्कची गाडी करायची असेल आणि किट 49बीचं असेल तर हिरवा रंग मारून भागत नाही, मागचा अर्धा भाग चुकतो.

1/24 मापातल्या मासेराती 250एफ या जुन्या रेसगाडीच्या किटची गंमत याहून वेगळी. मेरिट या इंग्लिश कंपनीचे साचे पुढे चेकोस्लोव्हाकियातल्या स्मेरकडे गेले, त्यामुळे प्लॅस्टिक दोन्हीकडे त्याच साच्यातलं. रंगीत झेरॉक्स काढून मेरिटची पेटी बनवायची, आत स्मेरचं स्वस्त किट. इथे भाग कमी नसतात, पैसे पुठ्ठ्याचे घेतलेले असतात. छपाई भिंगाखाली बघणं एवढाच उपाय.

खरं मोठं नुकसान होतं ते रेझिन (ओतून घट्ट होणारं प्लॅस्टिक) आणि व्हाइट मेटल (ओतकामाचा मऊ मिश्रधातू) यांच्या महागड्या किटमध्ये. मॉडेल फॅक्टरी हिरोसारख्या जपानी उत्पादकांची 1/12 किट म्हणजे व्हाइट मेटलचे शेकडो भाग, लेथवर कातलेलं अॅल्युमिनियम, फोटो-एच, रबरी टायर. त्यांच्या नकला सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनमध्ये ओतल्या जातात, ज्याला छंदातले लोक रिकास्ट म्हणतात. यात तीन गोष्टी बिघडतात. पहिली वजन: व्हाइट मेटलची घनता रेझिनच्या सहापटीहून जास्त असते, म्हणून स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलेल्या पेटीचा फोटो मागा आणि ज्याच्याकडे खरं किट आहे त्याच्या पेटीशी ताडा. दुसरी माप. सिलिकॉन आणि रेझिन दोन्ही थोडे आकसतात, आणि नकलेची नक्कल केली की फरक साचत जातो. लोटस 49 चा व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर) 2413 मिमी, म्हणजे 1/12 मध्ये 201 मिमी, 1/20 मध्ये 120.6. पुढचा ट्रॅक (डाव्या-उजव्या चाकांतलं अंतर) 1524 मिमी, 1/12 मध्ये 127. पुढचा रिम 15 इंची, म्हणजे टायर बसतो त्या जागी 1/12 मध्ये 31.75 मिमी. व्हर्नियरने मोजा, एक टक्का फरक व्हीलबेसमध्ये 2 मिमी होतो आणि बाहेरून घेतलेले मापाचे टायर त्या रिमवर सैल बसतात. तिसरी बारकावे: रिव्हेटची डोकी विरघळल्यासारखी, कोपऱ्यांत हवेचे बुडबुडे, इंजिनावरच्या इंजेक्शन ट्रम्पेटच्या (हवा आत घेणाऱ्या) नळ्या आतून बुजलेल्या. थ्रीडी प्रिंटचा माल असेल तर ग्रे प्रायमरचा एक हात मारला की थरांच्या रेषा उठून दिसतात.

तयार मॉडेल बनवून देतो म्हणणाऱ्यांचीही एक जात आहे. आगाऊ रक्कम घेतात, दुसऱ्याच्या कामाचे फोटो "प्रगती" म्हणून पाठवतात, आणि शेवटी येतो घाईने उरकलेला माल. हिरव्यावर सुरकुत्या दिसल्या तर इनॅमल पुरतं न वाळता वर लॅकर मारलेलं आहे. डिकॅलभोवती चंदेरी झाक म्हणजे खडबडीत मॅट पृष्ठभागावर चिकटवून आत हवा अडकलेली. गाडी काचेवर ठेवा, चारही चाकांखाली कागदाची पट्टी सरकवून बघा. एका चाकाखालून ती मोकळी निघाली तर इंजिन आणि मोनोकॉकचा जोड वाकडा चिकटवलेला आहे, आणि तो आता सुटायचा नाही. म्हणून पैसे टप्प्यांत द्यावेत: सुकी (न चिकटवता केलेली) जुळवणी झाल्यावर, रंगानंतर, डिकॅल लावून क्लिअर मारण्याआधी. प्रत्येक टप्प्यावर तारखेची चिठ्ठी.

परदेशातून मागवलं असेल तर आणखी एक सापळा असतो. "पार्सल कस्टममध्ये अडकलंय, इतके रुपये या यूपीआयवर पाठवा" असा संदेश. सीमाशुल्क कुणा व्यक्तीच्या खात्यात भरलं जात नाही. सीमाशुल्क विभागाच्या पत्रावर डीआयएन हा पत्राचा ओळख क्रमांक असतो आणि तो सीबीआयसी या केंद्रीय अप्रत्यक्ष कर आणि सीमाशुल्क मंडळाच्या संकेतस्थळावर पडताळता येतो. तो नसेल तर पार्सलसुद्धा नसण्याची शक्यता जास्त.

आता फसल्यावर काय. पेटी फोडताना सलग व्हिडिओ हवा: कुरियरचं लेबल, सहाही बाजू, वजन, मग कापणं, मग प्रत्येक पिशवी, मध्ये कॅमेरा बंद न करता. वरच्या प्रकरणात असा व्हिडिओ होता म्हणूनच तक्रारीला वजन आलं. पैसे गेल्याचं लक्षात येताच 1930 या क्रमांकावर किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर नोंद करावी. रक्कम समोरच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता येण्याची संधी पहिल्या काही तासांतच असते. बँकेला यूटीआर क्रमांकासह (व्यवहाराच्या संदर्भ क्रमांकासह) लेखी कळवा. विकणारा दुकानदार असेल तर ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे; छंदातला खासगी माणूस असेल तर ग्राहक कायद्याचा आधार डळमळीत, तिथे फसवणुकीची तक्रार भारतीय न्याय संहितेच्या कलम 318 खाली. "आम्ही दोघं मिटवून घेऊ" म्हणून त्याने गप्पा लांबवल्या तरी तक्रार आधी करा, बोलणी नंतर. चॅट पुसू नका, त्याचं प्रोफाइल गायब होण्याआधी स्क्रीनशॉट घ्या.

उरलेलं किट टाकून देऊ नका आणि लगेच जोडायलाही घेऊ नका. तो पुरावा आहे. टायर मात्र आजच वेगळे काढून झिप पिशवीत ठेवा, प्लॅस्टिकला लागू देऊ नका. इंजिनाचं स्प्रू कंपनीकडून मिळेल ही आशा फक्त किट चालू उत्पादनात असेल तरच धरा. नसेल तर त्याच मापाच्या दुसऱ्या डीएफव्ही गाडीचं तुटकं किट शोधावं. ते घेतानाही कॅम कव्हरांचे (इंजिनाच्या वरच्या झाकणांचे), संपचे (तळाच्या तेलपात्राचे) आणि बेलहाउसिंगचे (इंजिन-गिअरबॉक्समधल्या कवचाचे) फोटो आधी, पैसे नंतर.