एअर रायफलचे छर्रे: वजन करून निवडावेत की लॉट तपासून घ्यावेत?

नागपुरात १० मीटर नेमबाजी शिकणारी मुलं थोडी तयार झाली की हा प्रश्न येतोच. लॉट म्हणजे कारखान्यात एकाच वेळी बनलेल्या छर्ऱ्यांची खेप. इतवारीच्या सराफ्यात तोलकाटे मिळतात, त्यामुळे वजनाचा मोह आधी होतो. पण ४.५ मिमीचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा. ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा इथे दोन टक्क्यांची चूक सहज पोटात घालतो, मिलिग्रॅमचाच हवा. आणि फायदा? दहा मीटरवर छर्रा दीड-दोन सेंटिमीटर खाली येतो. वजनात एक टक्का फरक पडला, तर उंचीत फरक जेमतेम ०.२ मिमीचा.

लॉट तपासणीचं गणित वेगळं आहे. रायफल शिकंजात घट्ट बसवायची, एकेका लॉटचे ग्रुप (एकाच नेमाने मारलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका) मारायचे आणि सर्वांत घट्ट ग्रुप देणाऱ्या लॉटचे डबे एकदम घ्यायचे. छर्ऱ्याच्या डोक्याची, म्हणजे पुढच्या टोकाच्या व्यासाची, ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी अशी मापं असतात. कुठलं माप कुठल्या बॅरलला मानवेल हे मारल्याशिवाय कळत नाही. शिकंजामुळे नेमबाजाचा हात मध्ये येत नाही, म्हणून निकालावर विश्वास ठेवता येतो. खर्च मात्र एकदम होतो, आणि शिकंजा सगळीकडे नसतो.

माझं मत लॉटच्या बाजूने, तेही रायफलसाठी. तिथे लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका ०.५ मिमीचा, पिस्तुलात तोच ११.५ मिमी. पिस्तूलवाल्या नवख्याने दोन्ही सोडावं, वाकलेल्या स्कर्टचे (मागच्या पोकळ घेराचे) छर्रे तेवढे बाजूला काढावेत आणि उरलेले पैसे सरावावर घालावेत.