स्लो कुकर: मटणाला दहापैकी नऊ, मटकीला शून्य

न्यू जर्सीत आम्ही दोघंही नोकरी करणारे, मुलगी शाळेत, आणि संध्याकाळी सगळ्यांना एकदमच कडकडून भूक. म्हणून सहा क्वार्टचा (साधारण पावणेसहा लिटरचा), सिरॅमिकच्या भांड्याचा साधा स्लो कुकर (मंद आचेवर तासन्‌तास शिजवणारा विजेचा कुकर) घेतला. लो, हाय, वॉर्म, एवढीच सेटिंग्ज. जास्त काही लागतही नाही.

मटण यात अप्रतिम होतं! रात्री आलं-लसूण-हळद लावून फ्रीजमध्ये ठेवायचं, सकाळी कांदा-खोबऱ्याचं वाटण आणि गोडा मसाला घालून लोवर आठ तास. हाडापासून अलगद सुटतं. पाणी मात्र नेहमीच्या निम्मंच घाला, कारण रस्सा यात आटत नाही. आणि वाटण आधी तेलात परतावंच लागतं. ‘सगळं टाका आणि विसरा’ हे आपल्या मसाल्यांना लागू नाही, कच्चट वास राहतो.

राजमाप्रेमी विद्यार्थ्यांनो, हे नीट वाचा. राजमा निदान पाच तास भिजवा, ते पाणी फेका, ताज्या पाण्यात गॅसवर अर्धा तास खळखळून उकळा आणि मगच स्लो कुकरमध्ये घाला. कच्च्या राजम्यातलं विषारी द्रव्य मंद आचेवर नष्ट होत नाही, उलट्या-जुलाब होतात.

मोड आलेल्या मटकीचा लगदा होतो. वरणाला आपला शिट्टीचा कुकरच बरा, तासन्‌तास कोण थांबणार? दही-दूध घालायचं तर शेवटी, नाहीतर फाटतं.

भांडं रिकामंही चांगलंच जड आहे, त्यामुळे घासायचं खातं नवऱ्याकडे.