रेसची फ्रेम की टूरिंगची? स्टीलची सायकल जमवणाऱ्यांसाठी

चाकं आहेत, ड्रॉप हँडल आहे, कुणीतरी दिलेलं चामड्याचं सीट माळ्यावर पडून आहे, अडलंय ते फक्त फ्रेमवर. अशा अवस्थेतल्या माणसापुढे साधारण दोन जाती येतात. एक सत्तर-ऐंशीच्या दशकातली रेसची फ्रेम: नळ्या जोडणारे नाजूक लग, पुढचं चाक धरणारा बारीक चिमटा, नशीब जोरावर असेल तर रेनॉल्ड्स ५३१ या नावाजलेल्या स्टीलच्या नळीचं स्टिकरही शाबूत. दुसरी टूरिंगची, म्हणजे लांबच्या प्रवासासाठीची: मागून लांब, थोडी जड, दिसायला सोज्वळ. मी दोन्ही बांधल्या आणि दोन्ही साताऱ्याच्या रस्त्यांवरच चालवल्या.

स्टील म्हणजे आराम, असं सगळे सांगतात. असेलही थोडा. पण माझ्या मनगटांना विचाराल तर आराम टायरातल्या हवेत असतो. २५ मिलिमीटर रुंदीच्या टायरात शंभराच्या आसपास पीएसआय (हवेचा दाब) भरून ठोसेघरचा रस्ता धरला की नळी कुठल्या कारखान्याची आहे याला काही अर्थ राहत नाही. ३५ च्या टायरात पंचावन्न-साठ भरा, तोच रस्ता माणसात येतो. त्यामुळे फ्रेम बघताना मी आता आधी चिमट्यात किती जागा आहे ते बघतो, मग नळीचं नाव.

खरं सांगायचं तर माझा निकाल एका आवाजाने लावला. पावसाळ्यात कासच्या रस्त्याला ठिगळं लावलेली असतात, त्यांची बारीक खडी ओल्या टायरला चिकटते. रेसच्या फ्रेममध्ये टायर आणि ब्रेक यांच्यात जेमतेम तीन-चार मिलिमीटर. प्रत्येक खडा तिथून खर्रर्र करत जातो. खडी संपली की तांबडा चिखल तिथे थापला जातो, चाक जड होतं, उतरून काडीने कोरायचं, पुन्हा चढायचं आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. मडगार्ड लावावं तर त्याला भोकंच नाहीत, आणि असती तरी जागा कुठे होती? घरी आलं की पाठीवर मानेपर्यंत तांबडा पट्टा. ज्यांची सायकल जूनमध्ये भिंतीला लागते आणि दिवाळीलाच निघते, त्यांना हा त्रास कळणारही नाही. पण कासला जायचं ते याच महिन्यांत, नाहीतर तिथे बघायचं काय?

टूरिंगच्या फ्रेममध्ये ३५ चा टायर आणि वर पूर्ण मडगार्ड आरामात बसतं. खडी येते, जाते, मला कळत नाही.

चढाचंही थोडं आहे. जुन्या रेसच्या सायकलींना पुढे बहुधा ५२ आणि ४२ दातांची चेनव्हील असतात. दात जितके कमी तितका चढ सोपा, पण चेनव्हीलचे बोल्ट १३० मिलिमीटरच्या वर्तुळात बसणारा क्रँक मिळाला तरी ३८ दातांच्या खाली जाता येत नाही. यवतेश्वरचा घाट ४२ वर चढणारे आहेत, त्यांना नमस्कार. मी तिहेरी चेनव्हीलवाला माणूस.

ब्रेकच्या बाबतीत मात्र रेसची फ्रेम सरळ आहे. एका बोल्टवर बसणारा कॅलिपर ब्रेक लावला, दोन मिनिटांत विषय संपला. टूरिंगचे, फ्रेमवरच्या दोन खुंट्यांवर बसणारे कँटिलिव्हर ब्रेक जुळवताना डोकं फिरतं आणि जुळले तरी किंचाळतात. पण त्याच खुंट्यांवर व्ही-ब्रेक बसतात आणि त्यांची रबरं गावातल्या साध्या दुकानातही मिळतात. फक्त ड्रॉप हँडलचे लिव्हर केबल कमी ओढतात, त्यामुळे आखूड हातांचे मिनी व्ही-ब्रेक घ्यावे लागतात.

रेसची फ्रेम वाईट, असं मी म्हणणार नाही. हिवाळ्यात सकाळी कोरेगाव-रहिमतपूरकडे ती जी पळते, त्याला तोड नाही. सीटवरून उठून पेडल मारलं की ती लगेच उत्तर देते, टूरिंगची जरा विचार करून देते. सपाटीवर आणि कोरड्यात फिरणार असाल तर ती जरूर घ्या. त्यातही मूळ २७ इंची चाकासाठी बनलेली मिळाली तर सोडू नका. ती रिम ६३० मिलिमीटर व्यासाची, आता सर्रास मिळणाऱ्या ७००सी चाकाची ६२२, म्हणजे चाक बदललं की वर चार मिलिमीटर जागा मोकळी होते. ब्रेक तेवढे लांब हातांचे बघावे लागतील. घेण्याआधी ब्रेकच्या भोकापासून रिमच्या घासपट्टीपर्यंत मोजा. ४७ ते ५७ मिलिमीटरमध्ये येत असेल तर २८ चा टायर आणि मडगार्ड बहुतेक जमून जातं. ३९ ते ४९ वाली असेल तर मी तरी पैसे काढणार नाही.

राहिला प्रश्न जमवलेल्या चाकांचा. जुन्या रेसच्या फ्रेममध्ये मागच्या चाकाच्या हबला, म्हणजे मधल्या तुंब्याला, बहुतेकदा १२६ मिलिमीटर जागा असते, नंतरच्या रोड हबना १३० लागते. टूरिंगमध्ये बऱ्याचदा १३५ असते, आणि जुन्या माउंटन बाइकचे हब बहुधा त्याच मापाचे असल्याने सुटे सापडणं सोपं जातं. चार मिलिमीटर स्टीलची फ्रेम ताणता येते, पण दोन्ही बाजू सारख्या आल्या की नाही हे दोरी लावून तपासणारा कारागीर शोधा. ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर हा प्रयोग करू नये.

माळ्यावर १३५ चा हब असेल तर टूरिंगच्या फ्रेमला हे ताणणंही लागत नाही.