बोटीचं इंजिन आधीच गरम होतं

वापरलेली मोटरबोट घेताना मी फसलो. बोटीला जेवढे पैसे मोजले त्याच्या निम्म्याहून जास्त पुढच्या दोन महिन्यांत इंजिनात घालावे लागले. तुम्ही अशी बोट घ्यायच्या विचारात असाल तर बयाणा देण्याआधी हे वाचा.

बोट नजरेत भरण्यासारखी होती. हल (बोटीचं मुख्य धड) स्वच्छ, गाद्या नव्या. इंजिनाचं झाकण उचललं तर आत नुकताच रंग मारलेलं इंजिन चमकत होतं. सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन, मागे स्टर्नड्राइव्ह, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर असलेला गिअर आणि पंख्याचा भाग. मी पोहोचलो तेव्हा ते चालूच होतं. मालक म्हणाले, "तुमचा वेळ जायला नको म्हणून आधीच सुरू करून ठेवलंय." मला माणूस अगत्यशील वाटला. त्यांनी माझ्यासमोर बंद करून पुन्हा चावी फिरवली, इंजिन क्षणात लागलं. तेल मोजायची पट्टी, डिपस्टिक, काढून दाखवली. तेल मधासारखं नितळ. मग दहा मिनिटांची फेरी झाली, तीही अर्ध्या थ्रॉटलवर, म्हणजे अर्ध्या वेगावर. "भरती उतरतेय, फार लांब नको जायला," असं ते म्हणाले आणि मी मान डोलावली.

पहिल्या दोन फेऱ्यांत काही कळलं नाही. सकाळी लागताना इंजिन थोडं अडखळायचं, एवढंच. तिसऱ्या वेळी चावी फिरवली आणि एकच "ठक्" असा आवाज आला. स्टार्टर जागीच अडकला. मला वाटलं बॅटरी उतरली. दुसरी बॅटरी लावून पुन्हा प्रयत्न केला. हे करायला नको होतं, कारण अशा वेळी जोर लावला तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो.

मेकॅनिकने आल्याबरोबर सगळे स्पार्क प्लग काढले आणि मला चावी फिरवायला सांगितली. प्लगच्या दोन भोकांतून पाण्याच्या चिळकांड्या उडाल्या. इंजिनातून समुद्राचं पाणी बाहेर येताना मी पहिल्यांदाच पाहिलं. प्लगच्या टोकांवर गंज होता. डिपस्टिकवरचं तेल आता दूध घातलेल्या कॉफीच्या रंगाचं झालं होतं.

झालं होतं ते असं. अशा इंजिनात समुद्राचंच पाणी आत खेचून थंडावा देतात. ते पाणी एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (सिलिंडरमधला धूर गोळा करणारा भाग) आणि त्यावरच्या रायझरच्या (धूर बाहेर नेणाऱ्या वाकड्या नळीच्या) पोकळीतून फिरून धुराबरोबर बाहेर पडतं. खाऱ्या पाण्यात हे बिडाचे भाग आतून कुजतात, साधारण ५ ते ७ वर्षांत बदलावे लागतात. बाहेरून मात्र काही दिसत नाही, त्यात रंग मारला तर मुळीच नाही. माझ्या बोटीचे मूळचेच होते. आतली भिंत झिजून भोक पडलं की इंजिन बंद झाल्यावर पोकळीतलं पाणी हळूहळू उघड्या व्हॉल्व्हमधून सिलिंडरमध्ये झिरपतं. पाणी दाबलं जात नाही, म्हणून स्टार्टर अडकतो. रात्रभर उभं राहिलेलं इंजिन सकाळी लावलं की रोग उघडा पडतो. चालू असताना, किंवा नुकतंच बंद करून लगेच लावलं तर, तो दिसत नाही.

म्हणून ते इंजिन माझ्या आधीच सुरू होतं. तेलही म्हणूनच नवं होतं. जुन्या तेलात पाण्याचा पांढुरकेपणा दिसला असता.

कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते, मोजलं तेव्हा चार सिलिंडर १५० पीएसआयच्या (दाबाचं एकक) आसपास आले, एक ११० आणि एक ८५. हे आकडे एकमेकांच्या जवळ, साधारण १० ते १५ टक्क्यांच्या आत असायला हवेत. एखादा एकटाच कोसळला असेल तर आत काहीतरी बिघडलंय. प्लग काढून गेज लावायचा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवायचा आणि स्टार्टर फिरवायचा. हे अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे. व्यवहाराआधी ते करून घेतलं असतं तर मी ती बोट घेतलीच नसती. हलची तपासणी मी पैसे देऊन करून घेतली होती, पण ती करणारा सर्व्हेयर इंजिन उघडत नाही, हे मला ठाऊक नव्हतं. इंजिनासाठी वेगळा मेकॅनिक लागतो, आणि तो तुमचा हवा, विकणाऱ्याने सुचवलेला नको.

आणखी एक गोष्ट मला आजही झोंबते. चावी ऑन केली की बऱ्याच बोटींत तापमान आणि तेलदाबाचा अलार्म क्षणभर वाजतो, तो ठीक असल्याची खूण म्हणून. माझ्या बोटीत वाजत नव्हता. मेकॅनिकने डॅशबोर्डखाली हात घालून एक वायर बाहेर ओढली. ती कापून टोकाला टेप गुंडाळली होती. पूर्ण थ्रॉटलला इंजिन तापत होतं, आणि ते ओरडून सांगणारी एकमेव वस्तू कोणीतरी गप्प केली होती. जिवाशी खेळ आहे हा. किनाऱ्यापासून लांब इंजिन बंद पडलं असतं तर बोटीत माझी मुलं होती.

इंजिन किती तास चाललं ते दाखवणाऱ्या अवर मीटरवर फक्त २८० तास होते. बाकी मीटरच्या काचा उन्हाने पिवळट झालेल्या आणि हा एकच लख्ख. मीटर बदललेला असणार, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. नव्या इंजिनांत ईसीयूमध्ये (इंजिनाच्या संगणकात) तासांची नोंद असते, कितीशा आरपीएमवर (मिनिटाला फेऱ्यांवर) किती तास चाललं तेही कळतं. लॅपटॉप जोडून ती वाचून घ्या.

तेव्हा जाण्याआधीच मालकाला सांगा, "मी येईपर्यंत इंजिन लावू नका." पोहोचल्यावर पहिलं काम म्हणजे ब्लॉकला, इंजिनाच्या मुख्य धडाला, हात लावून बघा. कोमट जरी लागला तरी दुसऱ्या दिवशी या. समोर थंड इंजिन लावायला सांगा आणि धूर बघा. निळसर असेल तर तेल जळतंय, गरम झाल्यावरही पांढरी वाफ थांबत नसेल तर पाणी आत शिरत असू शकतं. स्टर्नड्राइव्हच्या गिअर ऑइलचा खालचा स्क्रू उघडून थोडं तेल बोटावर घ्या. दुधाळ असेल तर सील गेलंय, चमचमणारे कण असतील तर गिअर झिजतायत. मॅनिफोल्ड शेवटचे कधी बदलले त्याचं बिल मागा. बिल नसेल तर बदललेच नाहीत असं धरून किंमत बोला.

आणि मोकळ्या पाण्यात पूर्ण थ्रॉटल द्या, काही मिनिटं तरी. कंपनीने पूर्ण थ्रॉटलला जो आरपीएमचा पट्टा दिलेला असतो, माझ्या इंजिनाला तो ४४०० ते ४८०० होता, तिथवर काटा जायलाच हवा. माझा ३९००च्या पुढे सरकत नव्हता, पण हे मला बोट घेतल्यावर कळलं. भरती उतरत असेल तर भरतीच्या वेळी पुन्हा जा.

मालकांना फोन केला तेव्हा ते म्हणाले, "तुम्ही स्वतः चालवून बघितलीत ना?" करारात "आहे त्या स्थितीत" असे शब्द होते आणि खाली माझी सही. तिथे एकच ओळ जास्त हवी होती, की थंड इंजिनाची तपासणी आणि कॉम्प्रेशन समाधानकारक नसेल तर बयाणा पूर्ण परत. ती लिहून द्यायला विकणारा तयार नसेल तर तिथून निघून या.