धायटी ओळखायला दहापटीचं भिंग

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात रानझुडपं ओळखत हिंडायची आवड असेल, तर कॅमेऱ्याआधी दहापटीचं घडीचं भिंग घ्या. मी माझं झवेरी बाजारात सोनारांची हत्यारं विकणाऱ्या एका दुकानातून घेतलं, साडेचारशेला. धातूचं कवच, दोरी ओवायला कडी. आत तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या आहेत, त्यामुळे कडेला रंग फुटत नाहीत.

त्याची खरी किंमत कळते ती धायटीपाशी. आयुर्वेदातली आसव-अरिष्टं आंबवायला घालतात ती धायटीची फुलं हीच. थंडी सरता सरता खडकाळ उतारावरची झुडपं लालेलाल होतात आणि शिंजीर पक्षी तिथून हलत नाहीत. लांबून पाहिलं तर ती सोसायटीच्या कुंपणाला लावतात त्या हमेलियासारखी वाटते. भिंगाखाली मात्र शंकाच उरत नाही. धायटीची ती किंचित वाकडी लाल नळी म्हणजे पाकळ्या नव्हेतच, तो निदलपुंज, म्हणजे फुलाचं बाहेरचं आवरण. खऱ्या पाकळ्या सहा, इवल्याशा, नळीच्या तोंडाशी दात्यांमध्ये दडलेल्या. पुंकेसर लांबच लांब बाहेर आलेले. हमेलियात पाकळ्याच जुळून नळी होते, आणि पानं एका पेरावर तीन-चार असतात.

फुलं नसली तरी अडत नाही. पान उलटं करा. पांढुरकी लव आणि तिच्यात काळे ठिपके, कुणी बारीक पेनाने टिंबं दिल्यासारखे. भर पावसाळ्यात मी धायटी यावरूनच ओळखते. फोनवर फोटो टाकून नाव विचारणारे बहुतेक जण पान वरूनच टिपतात, मग ही खूण दिसणार कुठून?

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवून धरायचं आणि आपणच फांदीकडे वाकायचं, अडीच सेंटिमीटरपर्यंत. फूल तोडावं लागत नाही, उद्यानात तर तोडूच नये.

दोन उणिवा आहेत. घडीचा स्क्रू सैल होत राहतो. आणि आपल्या दमट हवेत काचेला बुरशी धरते, म्हणून डबीत सिलिका जेलची पुडी ठेवावीच लागते.

दुकानदाराने याहून स्वस्त, तीसपटीचं भिंगही पुढे केलं होतं. ते घेऊ नका. त्यात फुलाचा कणभर भाग दिसतो, उजेड कमी पडतो आणि वाऱ्याने हलणारी फांदी नजरेत ठरतच नाही.